दाराच्या दिशेचा खड्डा

"सर, तुमच्या यंत्राला माणूस कुठला आणि गोंगाट कुठला, हे सांगतं कोण?"

प्रश्न विचारताना जुईलीच्या पोटात हसू नुसतं उकळत होतं. सख्ख्या बापाला भर सभेत 'सर' म्हणायचं, 'तुम्ही' म्हणायचं आणि तोंडावरची माशी हलू द्यायची नाही, अशी पैज सोनमने लावली होती. हरलीस तर आठवडाभर माझं दप्तर बसस्टॉपपर्यंत तू वाहायचंस. जुईली असल्या पैजा हरणाऱ्यातली नव्हती. गेल्या दिवाळीपासून तिला एक शोध लागला होता: आपण बोलायला उभं राहिलं की माणसं गप्प होतात. वक्तृत्वाचा तालुक्याचा कप, मग जिल्ह्याचा, मग परिपाठाला रोज तीच, आणि बाई स्टाफरूममध्ये म्हणायच्या, पोरगी उभी राहते कशी बघा, पुतळ्यासारखी, तसूभर हलत नाही. नववीच्या वर्गात तिच्याइतकं स्वतःवर खूश दुसरं कोणी नव्हतं, आणि ते ती लपवतही नव्हती. तर पैज सोनमची होती, पण प्रश्न राणीने दिला होता. सोनमने सुचवलेला प्रश्न होता, सर, तुम्ही घोरता तेव्हा यंत्र काय करतं. राणीने मान हलवली. "ह्यो न्हाई. माझा इचार. दुसरा कुटलाच न्हाई." राणी वरच्या वाडीची, डोंगर उतरून, मग बस गाठून शाळेत येणारी, आणि एरवी पैजेबिजेत पडणारी नव्हती. जुईलीला तेव्हाच कळायला हवं होतं. पण हसू एकदा पोटात शिरलं की माणसाला दुसरं काही कळत नाही.

विज्ञान दिनाचे पाहुणे म्हणून दयानंद, म्हणजे जुईलीचे बाबा, टेबलामागे उभे होते. टेबलावर ते यंत्र: उपडी घातलेली परात असावी तसं, काठाला आठ बारीक भोकं. प्रत्येक भोकात एक कान, असं बाबांनी आधीच सांगून झालं होतं. आवाज एका कानाला आधी पोचतो, दुसऱ्याला किंचित उशिरा. त्या उशिरावरून तो कुठून आला ते कळतं. आठही कानांचं ऐकणं नीट जुळवून एकावर एक ठेवलं की समोरच्याचा आवाज भक्कम होतो. आणि ज्या दिशेने नको ते येतंय, त्या दिशेला यंत्र एक खड्डा खणतं, त्यात तो आवाज पडतो, पुन्हा वर येत नाही. विज्ञानाच्या बाईंनी विचारलं होतं, आणि तो आवाज आणखी मोठा झाला तर? बाबा खुलले होते. "तर खड्डा आणखी खोल. हीच तर गंमत आहे, मॅडम." आता लेकीच्या 'सर'वर त्यांच्या मिशा थरथरल्या, पण त्यांनीही पैज असल्यासारखा चेहरा सांभाळला. "छान प्रश्न. सांगायचं एवढंच, की समोर कोण आहे. समोर आहे तो माणूस, बाकी सगळा गोंगाट. पुढचं ते आपलं आपण शिकतं." टाळ्या पडल्या. सोनमने कपाळावर हात मारून घेतला. जुईली जिंकल्याच्या ऐटीत खाली बसली आणि कोपर मारायला राणीकडे वळली, तर राणीचे हात मांडीवर तसेच. ती त्या परातीकडे पाहत होती, एकदा चावून गेलेल्या कुत्र्याकडे माणूस पाहतो तशी. मग सतरंज्या गुंडाळताना, दुसरं टोक हातात धरून, सहज बोलावं तशी म्हणाली, "म्हंजी माझी आई गोंगाट."

एवढंच. पुढे ती सतरंजीच बोलत राहिली, धर नीट, कोपरा सुटतोय.

घरी जाताना गाडीत बाबा शीळ घालत होते. पिरंगुटच्या चौकात कंपन्या सुटल्याची गर्दी, बस वाकडी उभी, मागे हॉर्नचा कालवा, डोंगरउतारावर कुणीतरी गवत पेटवलं होतं त्याचा वास काचा लावूनही आत. काचा लावल्या की बाबांना बरं वाटायचं. "'सर' म्हणे," ते हसत होते, "आईला सांगतो थांब." जुईलीही हसली. तिचं हसू तिलाच दुसऱ्या कुणाचं तरी वाटलं, उसन्या फ्रॉकसारखं काखेत काचणारं. म्हंजी माझी आई गोंगाट. राणीची आई म्हणजे कमळमावशी. शाळेच्या गॅदरिंगला ती एकदाच आली होती, बोरांची पाटी विकून झाल्यावर, आणि जुईलीचं भाषण ऐकून म्हणाली होती, लई झ्याक बोलतीस गं, निस्तं पानी. जिल्ह्याच्या कपापेक्षा ते जुईलीच्या जास्त लक्षात राहिलं होतं. आणि सव्वीस जानेवारीला तिने कमळमावशीला बोलताना ऐकलं होतं. तेच तर. ऐकलं होतं. आपल्या कानांनी, खिडकीच्या कट्ट्यावर राणीला खेटून बसून.

राणीच्या गावच्या ग्रामपंचायतीने बाबांच्या कंपनीला सभा टिपायची परवानगी दिली होती. आधी एका गावात चालवून बघू, मग तालुक्याला विकू. झेंडावंदनानंतर सभा. बाबांनी ती परात हॉलच्या मधोमध छताला टांगली आणि तिचा रोख सरपंचांच्या टेबलाकडे लावला, कारण टेबलावर विठ्ठलराव सरपंच, शेजारी भाऊसाहेब म्हणजे ग्रामसेवक, आणि बोलायचं त्याने पुढे येऊन टेबलापाशी उभं राहायचं, असं बाबांना कुणीतरी सांगितलं होतं. किंवा कुणी सांगितलंही नसेल. सभा म्हणजे टेबल, हे बाबांना सांगावं लागतंय कशाला? दरवाज्याकडून काय येणार, तर रस्त्यावरचे डंपर, कुत्री, पोरं. पण राणीच्या गावात वाडीच्या बायका सभेत आत बसत नाहीत. आत भावकीतले सासरे, दीर, नात्याने थोरले. त्यांच्या बरोबरीने कोण सतरंजीवर बसतं? त्या दाराच्या पायरीवर बसतात, चपलांच्या ढिगाशेजारी, आणि बोलायचं असलं की चौकटीला हात धरून तिथूनच बोलतात. मग आतल्या सगळ्या माना दाराकडे वळतात. गावाला ते इतकं सवयीचं की दाराकडून बाईचा आवाज आला म्हणजे काहीतरी अवघड बोलणं निघालंय हे शेंबड्या पोरालाही कळतं. सगळ्या गावाच्या माना वळल्या. परातीची वळली नाही.

त्या दिवशी कमळमावशी उभी राहिली ते जुईलीला जसंच्या तसं दिसत होतं. वरच्या वाडीच्या झऱ्याची वाट रिसॉर्टवाल्यांनी तारेचं कुंपण घालून बंद केली होती. खाली धरणात डोळे फिरतील एवढं पाणी, पण ते वाडीचं नव्हे. वाडीचं म्हणजे तो झराच. मावशी सुरुवातीला हळू बोलली. कुणीतरी आतून म्हणालं, आवरतं घ्या. मग तिचा आवाज चढला. चढत गेला. बाबा कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसले होते, आणि पडद्यावर यंत्राचं ऐकणं फुलासारखं दिसायचं: टेबलाकडे एक लांबलचक पाकळी, आणि बाकी चहूबाजूंनी आखूड. मावशीचा आवाज चढला तशी दाराच्या दिशेची पाकळी आक्रसत गेली, आणि मग तिथे चावा घेतल्यासारखी एक खाच पडली, थेट देठापर्यंत. बाबांनी जुईलीला बोटाने खूण करून दाखवली होती. बघ. कसली मस्त खाच. ओठ हलवून म्हणाले होते, नल. ऑफिसात खड्ड्याला ते इंग्रजीत नल, म्हणजे शून्य, म्हणायचे. जुईलीने अंगठा उंचावला होता, कारण आपल्या बापाचं यंत्र भर गावात चाललं होतं, आणि दारातली बाई कोण हे तिला माहीत होतं, पण त्या खाचेत कोण पडतंय हे तिच्या मनाला शिवलंसुद्धा नव्हतं.

गाडी घाट उतरून भुकूमकडे वळली. "गप्प का गं?" बाबांनी विचारलं. ती म्हणाली, भूक लागलीये. हे तर खरंच होतं. तिला भीती वाटली की घास तोंडात घेतल्यावरही राणीचं वाक्य असंच घोळत राहील, आणि तसंच झालं. आई जेवताना विचारत होती, प्रश्न कुणाचा होता, तुझा? बाबा मीठमसाला लावून सांगत होते. भाजी तांब्याची तार चघळल्यासारखी लागत होती.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर तिने राणीला बसस्टॉपवर गाठलं. सोनमचं दप्तर सोनमच्याच पाठीवर होतं. "काय झालंय ते नीट सांग." राणीने आधी नीट सांगितलं नाही. मग सांगितलं. सभेनंतर ग्रामपंचायतीत इतिवृत्त तयार झालं, त्यात झऱ्याची वाट कायमची बंद करायचा विषय होता आणि पुढे होतं, हरकत आली नाही. कमळमावशी विचारायला गेली. भाऊसाहेबांनी तिला खुर्ची दिली, हे विशेष. आणि कॉम्प्युटरवर ती सभा ऐकवली. विठ्ठलराव विषय वाचतात. कुणीतरी म्हणतं, आवरतं घ्या. मग शांत. एक खोकला, खुर्चीची करकर, आणि पुन्हा विठ्ठलराव, बरं, पुढचा विषय. "भाऊसाहेब म्हनले, मशिनीत न्हाई म्हंजी तू बोललीच न्हाईस, कमळे. तुझ्या मनात आलं आसंल, तोंडात आलं न्हाई." राणी रस्त्याकडे बघत होती, बस येतेय का. "आता रईवारी खास सभा हाय. त्यात ते कायम करनार. मंग वाट गेली."

"पण सगळ्यांनी ऐकलं ना. अख्खं गाव होतं."

"गाव म्हनतंय, मशिनीपुढं आमी काय बोलनार." मग बस दिसायला लागल्यावर, चढायच्या आधी, राणी म्हणाली, "आई काल चुलीपुढं बसली व्हती. मला इचारती, राने, मी खरंच बोलले व्हते का गं?"

बस गेली. सोनमने उगाच दप्तराचा पट्टा घट्ट केला आणि म्हणाली, "चल ना, ऊन लागतंय." सोनमचं बरोबरच होतं. ऊन लागत होतंच.

शनिवारची दुपार सोसायटीत अशी असते की कुठल्या तरी फ्लॅटमध्ये भिंतीला ड्रिल चालू असतं आणि खाली वॉचमन हिंदीत फोनवर भांडत असतो. घरात आई डायनिंग टेबलाच्या एका टोकाला हेडफोन लावून कामाला बसलेली; ती विम्याच्या कंपनीत, घरून, आणि हेडफोन लावल्यावर ती घरात असून नसायची. बाबा दुसऱ्या टोकाला. मधे परात. आणि परातीपासून ठरलेल्या अंतरावर, फरशीवर चिकटपट्टीने चार पाय आखून ठेवलेली ती खुर्ची. जुईलीची खुर्ची. पहिलीत असल्यापासून ती यंत्राला आवाज देत आली होती. तेव्हा परात नव्हती, लाकडी पट्टीवर खिळ्यांनी ठोकलेले माइक होते, पण काम हेच. बाबा तिला खुर्चीत बसवायचे, पाय लोंबकळायचे, हातात बालभारती. मग टीव्ही लावायचे, मिक्सर चालू करायचे, आईला म्हणायचे जरा भांडी वाजव. आणि जुईली वाचायची. "हलू नकोस हां. हललीस की ते तुलाच गोंगाट समजतं." तिला वाटायचं बाबा भीती घालतायत, बागुलबुवाची घालतात तशी. एकदा मुद्दाम ती खुर्चीत घसरून कडेला कलली आणि वाचत राहिली. मग बाबांनी ऐकवलं तर मिक्सर नव्हता, टीव्ही नव्हता, आणि तीही नव्हती. बारीक कुजबुजीसारखं काहीतरी, विहिरीच्या तळातून. ती रडली होती. बाबांनी मांडीवर घेऊन समजावलं होतं, अगं, यंत्राला वाटलं तू समोर आहेस. तू होतीस जरा बाजूला. मग त्याने तुलाच पुसायला घेतलं. त्याची काही चूक नाही. तू सरळ बसत जा. आणि ती सरळ बसायला शिकली. मान, खांदे, श्वास. कुठल्याही व्यासपीठावर तसूभर न हलता उभी राहायला शिकली. निस्तं पानी. तिच्या मनात आलं, आपले ते कप आणि टाळ्या आणि बाईंचा पुतळा, हे सगळं या चिकटपट्टीच्या चार खुणांमधून आलंय. तिला एकाएकी त्या पुतळ्याची शिसारी आली. जिच्याकडे रोख लावलेला होता ती बोलली आणि ऐकू आली. यात तिने केलं काय?

"बाबा," ती म्हणाली, "सव्वीस जानेवारीचं तुझ्याकडे आहे का? स्वच्छ केलेलं नाही. आधीचं."

बाबांनी वर पाहिलं. "कच्चं? आहे की. आठही कानांचं वेगवेगळं. का?"

"त्याचा रोख आता बदलता येतो? म्हणजे सभा होऊन गेल्यावर?"

बाबांचा चेहरा उजळला. आपल्या कामातलं असलं काही कुणी विचारलं की ते असे उजळायचे, आणि जुईलीला ते आवडायचं. आत्ताही आवडलं, आणि तेच तिला नको होतं. "म्हणजे काय! कानांनी ऐकलेलं सगळं तिथेच असतं. आपण नंतर सुद्धा म्हणू शकतो, आता खिडकीकडे बघ, आता पंख्याकडे. कुठे बघू, बोल."

"दाराकडे."

मग त्यांची बोटं चालली. पडद्यावर ते फूल आलं, आणि त्यांनी टेबलाकडची लांब पाकळी धरून घड्याळाच्या काट्यासारखी फिरवली, फिरवत दाराशी आणली. स्पीकरवर आधी चपला सरकल्यासारखा आवाज, एक डंपर, त्याचा लगेच खड्ड्यात गेल्यासारखा विझलेला घरघराट. आणि मग, पाण्याखालून कुणी वर यावं तशी, कमळमावशी.

"...आमी कुनाच्या जागंत जात न्हाई. आमची वाट आमच्या सासऱ्याच्या सासऱ्यापस्नं हाय. तार घातली तुमी, आता हंडा घिऊन मी उडत जाऊ? व्हय, सरपंच? आवरतं घ्या म्हनतंय कोन? तुमच्या घरी नळाला पानी येतंय, तुमी आवरा. माझं आवरायचं न्हाई अजून. ह्या वाटंला माझी हरकत हाय. लिवा. कमळ गोमा वाघ, हरकत हाय, आसं लिवा..."

आईने कधी हेडफोन काढले होते कुणास ठाऊक. ड्रिलही थांबलं होतं, किंवा थांबल्यासारखं वाटलं. मावशीचा आवाज आता इतका मोकळा होता की चौकटीवर तिच्या बांगड्या टेकल्याचा आवाजसुद्धा येत होता. लिवा, लिवा, असं ती तीनतीनदा म्हणाली होती. जुईलीला ते आठवतच नव्हतं. बाबा टेबलावर कोपर टेकून, हनुवटी हातात धरून ऐकत होते. त्यांचा चेहरा तिने असा फक्त गॅलरीत पाहिला होता. ते लातूरकडचे. घरात पुणेरी बोलायचे, ऑफिसात इंग्रजी, आणि गावाकडून काकांचा फोन आला की उठून गॅलरीत जायचे, सरकती काच मागे लावून घ्यायचे, आणि तिथे, काचेपलीकडे, अंग सैल सोडून बोलायचे, काय करूलालास रे, जेवलास का. कॉलेजात म्हणे पोरं त्यांच्या बोलण्याची नक्कल करायची. मग त्यांनी ते बोलणं गॅलरीत नेऊन ठेवलं. जुईलीला लहानपणी वाटायचं, पक्षी आत येऊ नयेत म्हणून काच लावतात.

सभा पुढे सरकली. बाबांनी थांबवली. आणि ते म्हणाले, "बघ. म्हणजे यंत्रात दोष नाही. माहिती सगळी आहे."

जुईलीला आधी कळलंच नाही की त्यांचं बोलून झालंय. "मग हे त्यांना दे ना," ती म्हणाली. "उद्या सभा आहे. तू नुसतं पाठव."

"असं देता येत नाही, पिल्ला. कच्चं बाहेर जात नाही, कंपनीचा नियम आहे. आपण द्यायचं ते स्वच्छ करून."

"पण ते स्वच्छ नाहीये. ते खोटं आहे."

"खोटं कसं? मी त्याला टेबल सांगितलं, त्याने टेबल ऐकलं. ती बाई पुढे आली असती तर..."

"त्या पुढे येत नाहीत. तिथे बायका दारातूनच बोलतात. सगळ्यांना माहितीये."

"मला नव्हतं माहीत." हे त्यांनी इतक्या साधेपणाने म्हटलं की जुईलीच्या अंगातला राग क्षणभर लटपटला. मग ते पुढे म्हणाले, "आणि आता कळून तरी काय उपयोग. सोमवारी तालुक्याला प्रात्यक्षिक आहे. पहिल्याच सभेत यंत्राने बाईचा आवाज गिळला, असं बाहेर गेलं तर यंत्र तिथेच संपलं. दहा वर्षं खपलोय मी यावर. तुला माहीत नाही का?"

तिला माहीत होतं. तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. खिळे ठोकलेल्या पट्टीपासून.

आईने पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. आई कधी ओरडत नसे. ती गोष्टी सरकवायची. "राणी तुझी मैत्रीण आहे, मान्य. वाईट मलाही वाटतंय. पण आपण इथे राहतो, जुई, आपण इथले नाही. गावाच्या भानगडीत आपल्यासारख्यांनी पडायचं नसतं. त्यांचं ते बघतील."

"कसं बघतील? मशिनीत नाही ना."

"हे मी पुसत नाहीये," बाबा म्हणाले. एखादं मोठं देणं द्यावं तसं म्हणाले. "राहू दे माझ्याकडे. पण ऐकलंस ते घरात ठेवायचं. कळलं?" आणि मग, जणू विषय नीट घडी घालून कपाटात गेला, त्यांनी हेडफोन कानाला चढवले, ते फूल पुन्हा जागच्या जागी फिरवलं, आणि खुर्चीकडे बोट केलं. "चल. सोमवारसाठी एकदा तुझ्या आवाजावर चाचणी घेऊन टाकू. शुभांगी, मिक्सर लाव जरा."

आणि जुईली जाऊन बसली. हे तिला नंतर कितीतरी दिवस टोचणार होतं हे तिला बसतानाच कळत होतं, पण पाय गेले. पायांना ती चिकटपट्टी पाठ होती. मान सरळ, खांदे सरळ. आईने ओट्यावर रिकामा मिक्सर लावला, त्याची किंकाळी घरभर झाली. बाबांनी अंगठा वर केला, बोल. तिने जिल्ह्याला बक्षीस मिळालेलं भाषण सुरू केलं, सन्माननीय परीक्षक आणि माझ्या मित्रमैत्रिणींनो. बाबा डोळे मिटून ऐकत होते, त्यांच्या कानात मिक्सर नव्हता, ड्रिल नव्हतं, वॉचमन नव्हता, जगात एकटी तीच, स्वच्छ, निस्तं पानी, आणि त्यांच्या तोंडावर असं समाधान होतं की तिला ते बघवेना. चुलीपुढे बसलेली कमळमावशी तिला दिसली; तशी बसलेली तिने तिला कधी पाहिलंच नव्हतं, दारात उभी राहून बोलणारी तेवढी पाहिलेली. ती आपल्याच तोंडाला हात लावून बघत होती, यातून काही निघालं होतं का. आठ कान आणि हजार माना, आणि त्या बाईला आपल्या लेकीला विचारावं लागलं. माझ्या मित्रमैत्रिणींनो, जुईली म्हणाली, आणि उठली.

बोलत बोलतच उठली. भाषण चालूच. चिकटपट्टीच्या खुणांवरून बाहेर, टेबलाला वळसा, आईच्या रिकाम्या खुर्चीमागून, आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली, मिक्सरच्या बाजूला, चौकटीला हात धरून. तिथून मोठ्याने बोलायला लागली. आणखी मोठ्याने. पडद्यावर त्या फुलाला तिच्या दिशेने खाच पडत गेली, ती तिला इथूनसुद्धा दिसत होती. बाबांनी डोळे उघडले. भुवया आक्रसून त्यांनी हेडफोन दाबून धरले, मग रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "हलू नकोस," ते म्हणाले, कानात हेडफोन असले की माणूस बोलतो तसे जरा जास्तच जोरात. "काहीच येत नाहीये. समोर ये."

ती समोर आली नाही. तिने फक्त तोंड मिटलं आणि वाट पाहिली. आईने एकदा तिच्याकडे, एकदा बाबांकडे पाहिलं आणि मिक्सर बंद केला. जुईलीने एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेतला; पुतळा व्हायचं नव्हतं तिला आता. अखेर बाबांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

"काय आहे?"

"उद्या मी सभेला जाणार आहे," ती म्हणाली. "राणीच्या आईशेजारी पायरीवर बसणार."

"तुला तिथे मत नाही," आई हळूच म्हणाली. "वय नाही तुझं."

"माहितीये. मत नाही द्यायचंय. इतिवृत्त वाचून झालं की मी उभी राहणार आणि सांगणार, की त्या बोलल्या होत्या, मी ऐकलंय, आणि त्यांचा आवाज आमच्या घरी लॅपटॉपमध्ये आहे. कुणाच्या लॅपटॉपमध्ये असं विचारलं, तर तुझं नाव सांगणार, बाबा. दारातूनच सांगणार. आणि सोमवारी तुझ्या खुर्चीत बसायला मी येणार नाही."